दुसऱ्याचे दात

त्या केंद्रात कामाला चार मावश्या होत्या आणि त्यांतल्या सगळ्यांत बुटकीला सगळे मोठी मावशी म्हणायचे. उंचीनं नव्हे, नोकरीनं मोठी. चौदा वर्षं झाली होती तिला तिथं. तेवढ्या काळात तीन मेट्रनबाई बदलल्या, भिंतींचा रंग दोनदा बदलला, लिफ्ट आली, बिघडली, पुन्हा आली. मोठी मावशी आपली रोज सकाळी पावणेसातला हजर.

केंद्र स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं. दोन मजले, बावीस खाटा, खाली जेवणाची खोली, मागं कुंपण घातलेलं अंगण. तिथं येणारं कुणी घराचा पत्ता विसरलेलं असायचं, कुणी पोटची मुलं. नवीन मुलींचे डोळे पहिल्या आठवड्यात भरून यायचे. मोठी मावशी त्यांना म्हणायची, “विसरले तर विसरले, भूक लागते ना अजून? मग चला, नाश्ता गार होतोय.”

कवळ्यांची कल्पना तिचीच होती.

बावीस जणांपैकी तेरा जणांना कवळी. पूर्वी सकाळी एकेकाच्या खाटेपाशी जायचं, डबीतली कवळी काढायची, बेसिनवर जाऊन घासायची, परत यायचं, तोंडात बसवायची, की पुढची खाट. यात पाऊण तास जायचा, आणि तोवर जागं झालेलं प्रत्येक माणूस काही ना काही मागत असायचं. मावशीनं सुचवलं, की रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांच्या कवळ्या डब्यांत घालून एका ट्रेमध्ये जमवाव्यात, कवळी साफ करायची गोळी टाकून भिजत ठेवाव्यात आणि सकाळी मोरीत एकदमच स्वच्छ कराव्यात. डब्या सारख्याच, निळ्या. नावाची चिठ्ठी झाकणावर, म्हणजे ट्रेमध्ये वरून बघितलं की तेराही नावं एका नजरेत वाचता येतात. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. “चौदा वर्षांचा अनुभव बोलतो तो असा,” म्हणाल्या. मावशी वरवर “त्यात काय एवढं” म्हणाली, पण त्या दिवशी घरी जाताना तिची चाल जरा वेगळी होती.

वाचलेला वेळ तिनं बसून घालवला नाही. त्या वेळात ती चालू शकणाऱ्या चार-पाच जणांना अंगणात दोन फेऱ्या मारून आणायची. त्यात मोटारमास्तर असायचेच.

मोटारमास्तरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. आता स्वतः जेवलो का ते त्यांना सांगता यायचं नाही, पण कुणी व्हीलचेअर ढकलत निघालं की ते शेजारून चालू लागायचे. “आरसा बघा. हं. क्लच हळू सोडा... हळू म्हणजे हळू! वळण आलं, हॉर्न कोण देणार, मी?” मावशी वळणावर तोंडानं “पों पों” करायची, तेव्हा कुठं त्यांचं समाधान व्हायचं. कुणी घाईघाईनं समोरून आलं तर त्यांचा उजवा पाय जागच्या जागी ब्रेक दाबायचा. शहाणं माणूसही त्यांच्यासमोर आपोआप हळू चालायला लागायचं.

त्यांची बायको दर गुरुवारी दुपारी बसनं यायची. ठेंगणी, बारीक, कानानं थोडी कमी. मास्तर तिच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायचे, “तीन हजार माणसं शिकवली. ही एक नापास.”

“तुम्ही ओरडायचात,” ती शांतपणे म्हणायची आणि पिशवीतून सफरचंद काढायची.

मग तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बसचा प्रवास आणि धूळ वर्ज्य सांगितली. पाच आठवडे ती येऊ शकली नाही. मुलगी मध्ये मध्ये यायची, पण नोकरीतून वेळ काढून, पंधरा मिनिटं, उभ्या उभ्या.

मास्तरांचं बिनसलं ते याच काळात.

आधी ते नाश्ता अर्धा टाकायला लागले. मग दुपारचं जेवण. चमचा तोंडाजवळ आला की मान फिरवायचे, ओठ गच्च मिटायचे. सकाळी कवळी बसवायला गेलं की दातखिळी बसल्यासारखा जबडा आवळायचे. वजन उतरलं की हिरड्या आकसतात, कवळी पूर्वीसारखी बसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी फार विचार केला नाही. मोठ्या मावशीनं स्वतः दोनदा अंगठ्यानं दाबून ती वर बसवली. “झालं, मास्तर, झालं हं,” म्हणत. दुसऱ्या वेळी मास्तरांनी तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

मावशीला लागलं नाही, पण राग आला. इतकी वर्षं पों पों केलं त्याचं हे फळ! नियमाप्रमाणे तिनं वहीत लिहिलं: ‘मारतात.’

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मावशीला चापट बसली, तिनंही तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी लिहायला चौथ्या मावशीचाही हात शिवशिवत होता. आठवडाभरात त्या वहीत तो शब्द नऊ वेळा आला. दर शनिवारी येणाऱ्या डॉक्टरांनी वही चाळली, मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. डॉक्टर मेट्रनबाईंना म्हणाले, “आजाराची पुढची पायरी आहे ही. दुर्दैवानं असं होत जातं. शांत राहण्याची एक गोळी सुरू करू, सकाळ-संध्याकाळ.” मुलीला बोलावून संमतीची सही घेतली. तिनं विचारलं, “त्रास होईल का त्यांना?” डॉक्टर म्हणाले, “थोडी झोप येईल. पण आत्ता त्यांना जो त्रास होतोय, तो कमी होईल.”

आणि मास्तर खरोखरच शांत झाले. इतके की खुर्चीत बसवलं की हनुवटी छातीला टेकायची. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळायची. व्हीलचेअर समोरून भरधाव गेली तरी उजवा पाय हलायचा नाही. गोळी सुरू झाल्यावर बाराव्या दिवशी संडासाकडे जाताना त्यांचे पाय एकमेकांत अडकले आणि ते पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मावशीला त्याचंच जास्त वाईट वाटलं. निदान रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला तरी ओरडायला हवं होतं त्यांनी.

सहाव्या गुरुवारी त्यांची बायको आली. डोळ्यावर काळा चष्मा, हातात तीच पिशवी. प्लास्टरबद्दल मुलीनं तिला सांगितलं होतं. ती खुर्ची ओढून समोर बसली, चष्मा काढला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मास्तरांना जांभई आली. ती आणखी पुढं वाकली.

“मावशी, अगं इकडं ये. हे दात कुणाचे?”

मोठी मावशी पलीकडे चादर बदलत होती. तिला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. “कुणाचे म्हणजे, आजी? मास्तरांचेच की.”

“नाहीत. यांच्या पुढच्या दोन दातांत फट आहे.”

“आजी, कवळीत कुठली फट असणार? ते त्यांच्या खऱ्या दातांत असेल पूर्वी.”

“खऱ्या दातांत होती, म्हणूनच तर! कवळी करायला गेलो तेव्हा त्या दाताच्या डॉक्टरशी भांडले हे. म्हणाले, सगळे दात असे रांगेत उभे केलेत तर माझं तोंड शाळेतल्या कवायतीसारखं दिसेल. माझी फट मला परत द्या. आणि घेतली करून.”

शेजारच्या खाटेपाशी औषधं देत असलेली नर्स हसली. “आजी, डोळा नवीन आहे ना. बसायला वेळ लागतो. थोडे दिवस असंच दिसतं.”

म्हातारी तिच्याकडे वळली. “बाळ, डोळा नवीन आहे, नवरा जुनाच आहे.”

नर्स पुढच्या खोलीत निघून गेली. मावशी मात्र जागची हलली नाही. तिच्या हातात चादरीचं टोक तसंच होतं. मास्तरांचं हसणं तिनं हजारदा पाहिलं होतं, आणि त्या हसण्यात मधोमध एक काळी रेघ असायची, हे तिला आत्ता, या क्षणी आठवलं. पाच-सहा आठवडे ती या माणसाच्या तोंडाशी झटत होती. आणि त्याच्या तोंडाकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

तिनं हातमोजे चढवले, कपाटातली छोटी बॅटरी आणली. मास्तर पेंगत होते. बायकोनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “आ करा बघू. मला दाखवा.” तिचा आवाज ऐकून की काय, त्यांनी तोंड उघडलं. मावशीनं कवळी सोडवून खाली घेतली. ती हातात आल्याबरोबर तिला कळलं. लहान होती. कुणा बारीक जबड्याच्या माणसाची. वर टाळूला आणि हिरडीच्या कडेला, जिथं ती रुतत होती तिथं, वाटाण्याएवढा फोड होता. कडा पांढऱ्या, मध्ये लालभडक. त्याच्या शेजारी आणखी एक, लहान.

“अगंबाई,” म्हातारी म्हणाली.

मावशी मोरीत गेली. ट्रे पालथा घातलेला होता, तेरा डब्या एका बाजूला, तेरा झाकणं दुसऱ्या बाजूला, वाळत घातलेली. ती तिथंच उभी राहिली. सगळ्या डब्या सारख्या. नाव झाकणावर. झाकण डबीवरून निघालं की डबी कुणाचीच नाही. इतके दिवस ती रोज डब्या ज्या ओळीत ठेवल्या त्याच ओळीत झाकणं लावत होती, आणि कुठल्या तरी एका सकाळी, कुणी हाक मारली असेल, फोन वाजला असेल, दोन झाकणांची अदलाबदल झाली असेल. कधी, ते आता देवालाच ठाऊक.

दुसरी कवळी शोधायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर शिवणकाकू होत्या. आयुष्यभर कपडे शिवलेल्या. आता दिवसभर चादरीच्या शिवणीवरून बोट फिरवत बसायच्या. महिन्याभरापूर्वी त्या कवळी तोंडात ठेवेनाशा झाल्या, सारखी काढून टाकायच्या, म्हणून त्यांनाही ‘पुढची पायरी’ लागली होती आणि सगळं जेवण मिक्सरमधून काढून दिलं जात होतं. मावशीनं विचारलं, “काकू, तुमचे दात कुठायत?” काकूंनी ब्लाउजमध्ये खोचलेला रुमाल काढून उलगडला. आत मोठ्या घेराची कवळी होती, पुढच्या दोन दातांत छान फट.

“हे माझं माप नाही,” काकू म्हणाल्या. “मी सांगितलं होतं. पण गिऱ्हाइकाचं कोण ऐकतं?”



काकूंची कवळी गोळीच्या पाण्यात भिजवून, घासून तिनं त्यांना दिली. मास्तरांना मात्र लगेच स्वतःची घालता येणार नव्हती, फोड बरे होईपर्यंत तोंड मोकळंच ठेवायला हवं होतं. तिनं नर्सला सांगितलं, “मास्तरांच्या तोंडात फोड आलाय. मलम लावा, कवळी घालू नका काही दिवस.” नर्सनं लावलं. एवढंच सांगितलं मावशीनं. फोड आलाय. कशानं आलाय, ते नाही.

मास्तरांची बायको निघताना दाराशी थांबली. “तू बघितलंस म्हणून बरं झालं,” असं म्हणून तिनं मावशीच्या दंडावर थोपटलं. मावशीला ते थोपटणं घरी जाईपर्यंत दंडावर जाणवत होतं. म्हातारीला वाटत होतं, कुणाची तरी चूक मावशीनं शोधून काढली.

पुढचे दोन दिवस मावशी स्वतःला समजावत होती. चूक झाली, दुरुस्त झाली. आता बोभाटा करून कुणाचं भलं? आपलेच दात, आपलेच ओठ. मेट्रनबाईंना वर उत्तर द्यावं लागेल, नातेवाईक घाबरतील, आणि चौदा वर्षांची मोठी मावशी एका दिवसात धाकटी होईल. तिनं झाकणावरच्या चिठ्ठ्या गुपचूप काढून डब्यांवर चिकटवल्या. मास्तर जेवायला लागले. बिनदातांचे, मऊ, पण वाटी रिकामी करायचे. चमचा जवळ आला की मान फिरवत नव्हते. चापट तर नाहीच. लागतंय की सगळं मार्गी, तिनं स्वतःला सांगितलं.

शनिवारी डॉक्टर आले. वही उघडली. ‘मारतात’ गोळी सुरू झाल्यापासूनच नव्हतं. दोन दिवसांपासून ‘जेवले’ही होतं. तोंडातल्या फोडाबद्दल नर्सनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पोटात अन्न नसलं की येतात असे.” मग समाधानानं मेट्रनबाईंकडे वळले. “बघा, गोळी लागू पडली. थोडा वेळ लागतो, पण पडते. चालू ठेवू. निदान सहा महिने तरी.”

मावशी पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. मास्तर खुर्चीत, हनुवटी छातीवर. सहा महिने.

“डॉक्टर,” ती म्हणाली. “गोळीनं नाही.”

दोघांनी वळून पाहिलं. मावशीनं जग टेबलावर ठेवला.

“त्यांच्या तोंडात शिवणकाकूंची कवळी होती. पाच-सहा आठवडे. ती रुतत होती म्हणून जेवत नव्हते, आणि आम्ही ती रोज दाबून बसवत होतो म्हणून मारत होते. गुरुवारी काढली. तेव्हापासून जेवतात. गोळीचा काही संबंध नाही त्यात.” एवढं बोलून तिला वाटलं होतं की थांबता येईल, पण ते पुरं नव्हतं. “डब्या एकत्र धुवायची कल्पना माझी. चिठ्ठ्या झाकणावर लावल्या मी. आणि वहीत ‘मारतात’ पहिल्यांदा मीच लिहिलं.”

मेट्रनबाईंचा चेहरा पडला होता. “गुरुवारी कळलं तुम्हाला? आणि आज शनिवार?”

“हो.”

“मावशी, निदान मला तरी...”

“भ्याले, बाई.”

डॉक्टरांनी बॅग उघडली, बॅटरी काढली, मास्तरांसमोर गुडघ्यावर बसले आणि तोंड उघडायला लावून नीट पाहिलं. “मी याआधी दोन वेळा यांना तपासलं,” ते म्हणाले, मावशीला की स्वतःला कुणास ठाऊक. “छाती बघितली, नाडी बघितली. तोंड नाही बघितलं. वही वाचली फक्त.” मग कागद पुढं ओढला. “गोळी एकदम थांबवता येणार नाही. उतरवत नेऊ. तीन आठवडे लागतील.”

मुलीला कळवायचं काम उरलं होतं. मेट्रनबाई म्हणाल्या, “मी फोनवर सांगते, काहीतरी गैरसमजातून...” आणि स्वतःच थांबल्या. “नको. बोलावूनच सांगू.” मावशी म्हणाली, “मी सांगते, बाई. तुम्ही शेजारी बसा.”

मुलगी सोमवारी आली. मावशीनं पहिल्यापासून सांगितलं, डब्या, झाकणं, अंगठ्यानं दाबणं, सगळं. मध्ये मेट्रनबाईंनी “आमचीही देखरेख कमी पडली” असं म्हटलं, तेव्हा मुलीनं हात वर करून त्यांना थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे ते सांगत होते. दुखतंय म्हणून सांगत होते. त्यांच्याकडे हात तेवढा होता सांगायला.”

“हो, ताई.”

“आणि तुम्ही त्यांना मारकुटं ठरवलंत. आणि मी सही केली.” तिचा आवाज चढला नाही, तसाच राहिला, आणि त्यामुळं मावशीला जास्त लागला. “तुम्ही दोन दिवस गप्प बसलात ना? त्या दोन दिवसांत चार गोळ्या गेल्या त्यांच्या पोटात. मोजल्यात तुम्ही?”

मावशीनं मोजल्या होत्या. पण ते बोलून दाखवायची ही जागा नव्हती.

मुलीनं लेखी तक्रार केली. करायलाच हवी होती, असं मावशीलाही वाटलं. वरून दोन माणसं आली, मोरी पाहिली, डब्या पाहिल्या, मावशीला खोलीत बसवून दीड तास प्रश्न विचारले. तिला वाटत होतं, नोकरी गेली. नोकरी गेली नाही, ताकीद मिळाली. मेट्रनबाईंनाही मिळाली. त्या दिवशी दोघी जेवणाच्या खोलीत समोरासमोर चहा पीत बसल्या आणि मेट्रनबाई म्हणाल्या, “कौतुक मी केलं होतं सगळ्यांसमोर. झाकणाचा विचार माझ्याही डोक्यात आला नाही.” एवढ्या वर्षांत कुठल्या मेट्रनबाई मावशीशी असं बोलल्या नव्हत्या.

मग बदल झाले. दाताच्या डॉक्टरांकडून तेराही कवळ्यांच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत नावं कोरून आणली. स्वच्छता पुन्हा खाटेपाशी सुरू झाली. पाऊण तास पुन्हा गेला, आणि त्यासाठी मेट्रनबाईंनी सकाळी एक माणूस वाढवून घेतला, बरीच पत्रं लिहून. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं एक कागद लिहून औषधांच्या कपाटावर लावला: कुणी मारू लागलं, ओरडू लागलं, जेवेनासं झालं, तर गोळीच्या आधी तोंड बघायचं, कान बघायचे, पोट साफ आहे का विचारायचं, पायांची नखं बघायची, चष्मा त्याचाच आहे का बघायचं. चष्म्याची ओळ वाचून सगळ्यांनी आपापल्या माणसांचे चष्मे तपासले. दोन चुकीच्या नाकांवर निघाले.

शिवणकाकू मिक्सरमधून सुटल्या. दात आल्याबरोबर त्यांची बडबड परत आली. महिनाभर त्या फारशा बोलत नव्हत्या, याचं कारण आजार नव्हताच. स्वयंपाकीणबाई तर चार दिवस कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. मग आपणहून मेट्रनबाईंकडे गेली आणि म्हणाली, “मी आणखी सहा जणांचं मिक्सरमधून काढते. त्यातल्या तिघांना काही गरज नाही. सगळ्यांचं एकदम काढलं की मला सोपं पडतं.” हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

सगळंच काही पूर्वीसारखं झालं नाही. मास्तरांची गोळी उतरत गेली तशी मान वर आली, नजरेला नजर द्यायला लागले. पण मनगट थोडं वाकडंच जुळलं, आणि इतके आठवडे खुर्चीत बसून पायांतलं बळ जे गेलं ते पुरतं आलं नाही. अंगणात दोन फेऱ्या मारणारा माणूस आता आधार घेऊन दारापर्यंत जायचा. आजारही आपल्या गतीनं पुढं सरकतच होता. त्यातलं किती आजाराचं आणि किती आपलं, हा हिशेब मावशीनं कितीदा तरी मांडून पाहिला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “नाही सांगता येणार.” निदान खोटं तरी बोलले नाहीत.

मुलगी त्यानंतर दर रविवारी यायला लागली. तासभर बसायची. मावशी खोलीत आली की बोलणं थांबवायची. मावशी काम करून निघून जायची. हे दोन महिने चाललं.

एका रविवारी मावशी मास्तरांचं तोंड धुवायला गेली तेव्हा मुलगी म्हणाली, “थांबा. मला दाखवा, कशी घालायची ते.”

मावशीनं बेसिन जवळ ओढलं. कवळी उलटी करून आतलं नाव आधी तिला वाचायला दिलं. मग सांगितलं, “आधी ओली करायची. कोरडी घातली तर ओढते. आता त्यांच्या समोर बसा, उभं राहून नको, वरून हात आला की माणूस बिचकतं. त्यांना दाखवा काय आहे ते. सांगा. आणि तोंड त्यांनी उघडेपर्यंत थांबायचं.”

“नाही उघडलं तर?”

“तर नाही घालायची. अर्ध्या तासानं पुन्हा विचारायचं.”

मुलगी समोर बसली. “बाबा, दात,” म्हणाली आणि थांबली. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मिनिट गेलं, दोन गेली. बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. मग मास्तरांनी तोंड उघडलं, आणि मुलीनं हलक्या हातानं कवळी वर नेली. ती एवढ्याशा आवाजात बसली.

“दुखतंय, बाबा?”

मास्तरांनी जीभ फिरवून पाहिलं. मान हलवली, नाही.

मुलगी हात धुवायला उठली. मावशीकडे पाठ करूनच म्हणाली, “माझा राग गेलेला नाहीये, मावशी.”

“असू दे, ताई,” मावशी म्हणाली आणि तिच्या हातात टॉवेल दिला. “पुढच्या रविवारी खालची हिरडी कशी पुसायची ते दाखवते.”

“साडेदहाला येते,” मुलगी म्हणाली.